अभिप्रायासाठी सादर

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली तेव्हा दादा फाइलवर बसलेले होते.

फाइलवर म्हणजे अक्षरशः फाइलवर. पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत एक चपटी गादी होती, गादीखाली घरची फाइल क्रमांक एकशे बारा होती, आणि गादीवर दादा होते. बाकीचे घर तीच फाइल शोधत होते. तिच्यात दादांच्या मुलीच्या नेमणुकीचे मूळ पत्र होते. ते पत्र आणि स्वीकृतीचा फॉर्म आज पाचच्या आत सांडपाणी खात्याच्या मुख्य कचेरीत पोचले नाहीत, तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. पत्राच्या आठव्या ओळीत तसे लिहिलेच होते आणि ती ओळ दादांना आता पाठ झाली होती.

लपवायची म्हणून त्यांनी ती लपवली नव्हती. जेवणे झाल्यावर घर पांगले, तेव्हा शेरा लिहायला त्यांनी फाइल उघडली, पेनाचे टोपण काढले, आणि तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहीण ताई आत आल्या. तेहतीस वर्षे रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या माणसाला कोणी अचानक आत आले की हातातला कागद झाकायची सवय असते. दादांनी फाइल गादीखाली सारली आणि वर बसले. ताईंनी विचारले, फाइल कुठे आहे रे. उत्तर तेव्हाच देता आले असते. ते दोन-तीन सेकंद राहून गेले. मग अर्धे मिनिट गेले. मग ताईंनी सगळ्या घराला हाका मारल्या, आणि घरातली माणसे पलंगाखाली वाकून शोधत असताना "माझ्याकडेच आहे" असे म्हणायला जे काही लागते, ते दादांकडे कधीच नव्हते.

या घरात कागदाशिवाय पान हलत नसे. दादांचे वडील म्हणजे नाना, आणि नानांचे वडील हेडक्लार्क होते. तोंडी बोलले की माणसे फिरतात, कागद फिरत नाही, असे त्यांचे मत. घरातला कोणताही प्रश्न फाइलवर यायचा, फाइल वयाच्या उतरत्या क्रमाने फिरायची, मुलांच्या प्रश्नात बापाकडे शेवटी, आणि ज्याने त्याने आपला शेरा लिहून खाली सही करायची. हेडक्लार्क जाऊन चाळीस वर्षे झाली तरी फाइली फिरत होत्याच. पंख्याची फाइल होती, गच्चीच्या गळतीची होती. दादांच्या लग्नाची तर होतीच. तिच्यात ताईंनी लिहिले होते, "मुलगी बरी वाटते. मुलाचे मत घेतले आहे काय?" त्याखाली दादांचा शेरा होता, "पाहिले." दादांच्या बायकोला सगळे घर वहिनीच म्हणायचे. तिने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती फाइल वाचली, आणि तेव्हापासून नवऱ्याने काही विचारले की ती म्हणत असे, पाहिले. वहिनी दुकानदाराच्या घरातली. तिच्या माहेरी निर्णय जेवताना व्हायचे आणि हात धुवेपर्यंत अमलात यायचे. या घराला ती कचेरी म्हणायची.

फाइल एकशे बारा दादांच्या मुलीने, बारकीने, काढली होती. बारकी हे नुसते नाव. उंचीने ती दाराच्या चौकटीला टेकायला आली होती. काचेची दारे असलेल्या एका कंपनीत ती साबणांच्या जाहिराती लिहीत असे, खालीवर होणाऱ्या खुर्चीत बसून. कोणाला न सांगता तिने परीक्षा दिली आणि पंधरा दिवसांपूर्वी टिपणी सादर केली: "सांडपाणी खात्यात पर्यवेक्षक म्हणून निवड झाली आहे. जावे असे वाटते. या घरातल्या प्रत्येकाने सरकारी नोकरी का धरली ते खरे लिहावे. निरोपसमारंभात बोलतात तसले नको. अभिप्रायासाठी सादर." आणि पणजोबांचा नियम होता की फाइलला मूळ कागद लागतो, नक्कल चालत नाही, म्हणून पोरीने मूळ पत्रच लावून दिले. असली चूक दुसऱ्या कुठल्या घरात होणे शक्य नव्हते. दुसऱ्या घरांत पत्र कपाटात ठेवतात आणि तोंडाने बोलतात.

शोधाची सूत्रे ताईंनी हातात घेतली. दादांची ही थोरली बहीण एकतीस वर्षे जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसली होती, आणि समोरचा माणूस खोटे बोलतोय का हे ती चष्म्याच्या वरून बघून सांगत असे. तिने आवक-जावक वही मागवली. वहीप्रमाणे फाइल नानांकडून ताईंकडे गेली होती आणि ताईंकडून दादांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे टाइमकीपरकडे. त्याच्यापुढे जावक होती, पण घेणाऱ्याची सही नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात पंख्यावरून भांडण झाल्यापासून ताई आणि टाइमकीपर एकमेकांशी सरळ बोलत नसत, नानांमार्फत बोलत. नानांना कमी ऐकू यायचे, त्यामुळे दोघांनाही ओरडावे लागे आणि सगळे सगळ्यांना ऐकू जाई.

"नाना, त्याला विचारा, सही न घेता फाइल सोडली कशी."

"नाना, तिला सांगा, मी गुरुवारी दादाच्या टेबलावर ठेवली. दादा झोपला होता. झोपलेल्या माणसाची सही घेऊ?"

सगळ्यांनी दादांकडे पाहिले. ताईंनी विचारले, आली होती का तुझ्याकडे. दादांच्या तोंडून निघाले, "बघावं लागेल." रेकॉर्ड रूममध्ये असताना हे वाक्य ते रोज वापरत आणि तिथे ते खरे असे.

ताईंनी मान डोलावली. दादांच्या बोलण्यावर या घरात कोणी संशय घेत नसे, कारण त्यांचे बोलणेच कधी झाले नव्हते. दोष आपोआप टाइमकीपरवर आला. नानांनीही त्यात भर घातली. बावीस वर्षांपूर्वी त्याने हरवलेल्या छत्रीची त्यांना आठवण झाली. बसडेपोत अठ्ठावीस वर्षे गाड्या मिनिटावर सोडलेला तो माणूस लाल झाला, आणि खालच्या मजल्यावर आपल्या खोलीत पुन्हा शोधायला गेला. जाताना दादांना म्हणाला, "तू तरी माझ्या बाजूने बोल रे." दादांना खुर्ची चटके देऊ लागली.

वाईट म्हणजे त्यांनी फाइलमधले सगळे शेरे वाचलेले होते. आत्ता ताई बारकीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या, की आम्ही समाजाचे काही देणे लागतो या भावनेने नोकऱ्या केल्या, खुर्चीसाठी नाही. फाइलवर त्यांनी वेगळेच लिहिले होते. "मला बघायला दर आठवड्याला कोणीतरी येत असे. खिडकीत बसले की लोक फक्त दाखला बघत. लागले ती एवढ्यासाठीच. पुढे एकदा एक बाई मुलाची नोंद करायला आली आणि नाव काय ठेवू म्हणून मलाच विचारू लागली. मी सांगितले. तिने तेच ठेवले. त्यानंतर मी खिडकी वेळेआधी कधी लावली नाही."

टाइमकीपरचा शेरा एका ओळीचा होता. "मला शिट्टी हवी होती." खाली दुसऱ्या शाईने, बहुधा दुसऱ्या दिवशी, "अजूनही वाजवताना बरे वाटते."

नाना पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. छत्तीस वर्षे त्यांनी वस्त्यांचे पाणी सोडले आणि बंद केले. त्यांनी सांगितले, बारकीने लिहून घेतले. "वडिलांनी घातले म्हणून गेलो. पण चावी फिरवली की जमिनीतून आवाज येतो, आणि थोड्या वेळाने चार गल्ल्यांतल्या बादल्या वाजायला लागतात. ते ऐकायला मी थांबत असे. घरी उशीर व्हायचा. तुझ्या आजीला वाटे, मी पत्ते खेळतो."

सगळ्यांच्या खालचे पान दादांचे. त्यावर आज सकाळपर्यंत "सादर टिपणीच्या अनुषंगाने" एवढेच लिहून खोडलेले होते, चार वेळा.

खरे लिहायचे तर काय लिहायचे? सगळ्या खात्यांचे जुने कागद जिथे येऊन पडतात त्या रेकॉर्ड रूममध्ये कोणाशी बोलावे लागत नाही असे ऐकले, म्हणून अर्ज केला. ऐकले ते बरोबर निघाले. तेहतीस वर्षे त्यांनी कागदांचे बस्ते उन्हात घातले, झटकले, पुन्हा बांधले, कसर लागू दिली नाही. शेवटच्या दहा वर्षांत कागद मागायला महिन्यातून एखादा माणूस यायचा, तोही बहुतेक वेळा स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचे घड्याळ दिले आणि हळूच विचारले, आपला विभाग नक्की कोणता? हे पोरीला काय लिहून द्यायचे? आणि हे माहीत असून "मान्य" तरी कोणत्या तोंडाने लिहायचे? आणि "अमान्य" लिहिणारे आपण कोण?

अडीच वाजता ताईंनी फर्मान काढले, की पुढच्या खोलीतली प्रत्येक वस्तू उचलून बघायची. नानांची आरामखुर्ची नानांसकट हलवली. मग ताई दादांकडे वळल्या. ऊठ जरा.

दादा उठले नाहीत. जन्मात पहिल्यांदा ते थोरल्या बहिणीचे सांगणे ऐकून जागच्या जागी बसून राहिले, आणि त्यांना स्वतःलाच धडकी भरली.

वहिनी शिवणाच्या यंत्रावर होती, गळ्यात टेप. तिने पाय थांबवला. नवऱ्याकडे एकदा पाहिले, गादीकडे एकदा पाहिले. माप घ्यायला तिला टेप लागायची, पण अंदाज घ्यायला नाही.

"त्यांचा गुडघा धरलाय सकाळपासून," ती म्हणाली. "बसू द्या त्यांना."

दादांचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. ताई पुस्तकांच्या कपाटाकडे गेल्या. वहिनीने चहाचा कप दादांच्या हातात देताना वाकून हळूच सांगितले, "पाचपर्यंत हलू नका."

दादांचा चहा बशीत सांडला. इतका वेळ ते नुसते भित्रे होते, आता कटात सामील झाले होते. वहिनीचे म्हणणे त्यांना ठाऊक होते, रात्री तीन वेळा तिने सांगितले होते. खुर्चीत बसायची नोकरी सोडून पोरगी गटारांवर उभी राहणार. तुमच्या घराण्याने पाणी पाजले, दाखले दिले, गाड्या सोडल्या, इथवर ठीक आहे. आता खाली किती उतरायचे? त्यावर दादा काही बोलले नव्हते, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ होकार असा लावायची तिला तीस वर्षांची सवय होती. कोणाच्याच बाजूला नसणे दादांना जमत असे. पण कोणी आपल्या बाजूला असले की आपली बाजू कोणती आहे ते कळावे लागते.

टाइमकीपर रिकाम्या हाताने वर आला. शेवटची सोयीची गाडी तीन पन्नासची, हे त्याने नानांना ओरडून सांगितले, म्हणजे सगळ्यांना. तीन पंचवीस झाले होते.

बारकी माळ्यावरून उतरली. हात कोपरापर्यंत काळे, केसांत कोळिष्टके. ती रडत नव्हती, त्यामुळे दादांना तिच्याकडे बघवेना. ती येऊन त्यांच्याच खुर्चीपुढे फरशीवर बसली आणि पाठ त्यांच्या धडधाकट गुडघ्याला टेकली.

ताईंचा आवाज उतरला. फाइल मिळायची आशा त्यांनी सोडली असावी, कारण त्यांनी पंधरा दिवस कोणी न विचारलेला प्रश्न विचारला. जागा आमच्या खात्यातही निघाल्या होत्या. बसून काम, डोक्यावर छप्पर. गटारेच का?

"कोपऱ्यावरचं चेंबर अकरा दिवस वाहत होतं, आठवतंय?" बारकी म्हणाली. "मी रोज तक्रार करायचे. रोज नवीन नंबर मिळायचा. अकराव्या दिवशी एक मुकादम आला. म्हातारा. त्याच्या हातात खडू. दहा मिनिटं नुसता उभा राहिला, मग खाली बसून रस्त्यावर रेघा मारायला लागला. ही लाइन इथून येते, इथे वळते, इथे दुसरी मिळते, इथे खणा. खणलं तर तिथेच होतं. वीतभरही चूक नाही. मी म्हटलं, काका, नकाशा दाखवा ना. त्याने खडू डोक्यावर आपटला."

"म्हणजे?" टाइमकीपर म्हणाला. तो थेट बारकीला बोलला, नानांना मध्ये घालायचे विसरून.

"म्हणजे नकाशा त्याच्या डोक्यात. सगळ्या शहराखालचा. आणि तो चार महिन्यांत रिटायर होतोय. मला म्हणाला, पोरी, हे कोणाला सांगून जाऊ? कोणी विचारतच नाही." तिने केसांतले कोळिष्टक ओढून काढले. "मला ते ऐकून घ्यायचंय, आत्या. सेवाबिवा काही नाही. मला नुसतं राहवत नाहीये. आपण सगळे ज्याच्यावर चालतो ते कुठून कुठे जातं, हे एकाच माणसाला माहीत आहे, आणि मी तिकडे साबणाला फेस किती येतो ते लिहितेय. मुख्य कचेरीतही जाऊन विचारलं मी. जुने नकाशे होते म्हणाले, पण ते केव्हाच गेले. कुठेच नाहीत."

"आहेत," दादा म्हणाले.

खोलीत कोणाला आधी कळलेच नाही की कोण बोलले.

"गेले कसे? कोण म्हणालं गेले?" दादा उभे होते. त्यांचा आवाज यंत्रावरच्या कात्रीपर्यंत पोचला आणि ती खणखणली, असे वहिनी नंतर सांगत असे. "नकाशांची दोनशे बारा पत्रके आहेत. पाठीला कापड लावलेली. शहराखालची एकूण एक नळी. दर पावसाळ्यानंतर मी स्वतः उन्हात घातलीत. एकाही कागदाला कसर नाही. गेले म्हणे."

"मग सापडत का नाहीत त्यांना?" बारकी वळून बसली होती.

दादांचा आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "नकाशे आले ते एका पत्रासोबत. पत्राचा विषय होता, रस्ते दुरुस्ती. पत्राच्या विषयाप्रमाणे लावायचं असा नियम. मी नवीन होतो. वाटलं साहेबांना विचारावं, आत गटारं आहेत, वर रस्ते कसं लिहू? दाराशी जाऊन दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा रस्त्यांत लावून टाकले. म्हटलं, कोणी मागायला आलं की सांगू. कोणी आलंच नाही."

तेव्हा कुठे बारकीची नजर त्यांच्या मागे गेली. चपटी गादी त्यांच्याबरोबर उठून खाली घसरली होती, आणि वेतावर फाइल क्रमांक एकशे बारा पडली होती, इस्त्री केल्यासारखी.

नानांनी विचारले, काय झाले. त्यांना कोणी सांगितले नाही. ताईंनी चष्म्यावरून आधी दादांकडे आणि मग वहिनीकडे पाहिले, आणि वहिनी यंत्रात दोरा ओवू लागली, जो ओवलेलाच होता. टाइमकीपरने तोंड उघडले. दीड तास सोसलेला अपमान त्याच्या जिभेवर आला होता, छत्रीसकट. त्याने मनगटाकडे पाहिले आणि तोंड मिटले.

"भांडण साडेपाचला," तो म्हणाला. "आत्ता तीन पन्नासची गाडी. बारा मिनिटं आहेत."

बारकीने फाइल उचलली, दादांचे पान उघडले, चार खोडलेल्या ओळी पाहिल्या. पत्र काढून पळायचे सोडून तिने फाइल त्यांच्यापुढे धरली. "बाबा, शेरा."

शेरा पुरा झाल्याशिवाय मूळ कागद फाइलमधून निघत नाही, असे ताईंनी दुजोरा देत सांगितले. हे घर बुडत असले तरी आधी बुडाल्याची नोंद करेल, असे वहिनी म्हणाली. पण यंत्राच्या खणातले पेन तिनेच काढले. नवऱ्याला तिने त्या आवाजात बोलताना कधी ऐकले नव्हते, आणि तिच्या चेहऱ्यावर, लग्नाची फाइल वाचल्यानंतर पहिल्यांदाच, काहीतरी सुटल्यासारखे दिसत होते.

"लिहा," ती म्हणाली. "उभ्यानेच लिहा. परत बसू नका."

दादांनी भिंतीला फाइल टेकवून लिहिले. यावेळी काही खोडले नाही. "रेकॉर्ड रूम. रॅक एकेचाळीस, खालचा कप्पा, लाल बस्ता. बाहेर रस्ते लिहिले आहे, आत गटारे आहेत. चूक माझी. जाऊन घ्यावे."

बारकीने वाचले. "हे कारण झालं का, बाबा? नोकरीला का लागलात ते विचारलं होतं."

"का लागलो ते सांगण्यासारखं नाही," दादा म्हणाले. "राहिलो कशासाठी, ते हे."

गाडी मिळाली. दादाही तिच्याबरोबर चढले, कारण खाली सोडायला म्हणून आले आणि बोलणे संपेना. अख्खा रस्ता ते सांगत होते. बाहेरच्या माणसाला रेकॉर्ड रूममधून कागद मिळत नाही, निवृत्त माणसाला तर आतही सोडत नाहीत. खात्याचे मागणीपत्र लागते. ते दोन प्रतींत द्यायचे. सही खात्यात रुजू असलेल्या माणसाचीच हवी. शेजारच्या बाकावरच्या बाईने दोनदा वळून पाहिले. बारकीने आयुष्यात बापाच्या तोंडून एकूण जेवढे ऐकले होते, त्याहून जास्त त्या पाऊण तासात ऐकले.

सांडपाणी खात्याच्या कचेरीत ते पोचले तेव्हा पाचला सोळा मिनिटे होती. खिडकीपुढे रांग होती. नंबर लागला तेव्हा चार उरली होती. खिडकीतल्या कारकुनाने मूळ पत्र पाहिले, फॉर्म पाहिला, शिक्का मारला, आणि एक तारखेला रुजू व्हा म्हणून सांगितले. मग बारकीने त्याच्याकडे एक कोरा कागद मागितला.

कशाला, कारकुनाने विचारले. मागणीपत्र करायचे आहे, ती म्हणाली. रुजू होण्याआधी मागणी करणारा उमेदवार त्याने पाहिला नव्हता. खिडकी बंद करायची वेळ झाली होती, पण काय लिहितात ते बघायला तो थांबला.

बारकीने रुजू व्हायची एक तारीख घातली, प्रति लिहिले, विषय लिहिले, पुढे दोन टिंबे दिली आणि बापाकडे पाहिले.

"गटारे," दादा म्हणाले, इतक्या मोठ्याने की रांगेतल्या माणसांनी वळून पाहिले. "नुसतं गटारे लिही. रस्त्याचं नावही काढू नकोस."